वजन किती?

आमच्या जामसंड्यात बाळंतिणीला बघायला गेलं की बायका आधी विचारतात, झील की चेडू, म्हणजे मुलगा की मुलगी? माझी आई विचारते, "वजन किती?" लोक हसतात, म्हातारी डॉक्टरीण झाली म्हणतात. हसू देत.

पहिल्या खेपेला सातवा लागला तशी मी माहेरी आले. आईने थाटात ओटी भरली, पाच फळं घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातला भात निम्मा केला. "पॉर मोठा झाला तर पोट फाडतले," ती म्हणायची, "चार घास कमी खाल्लंस तर मरूचंस नाय." माझ्या वेळी ती दोन दिवस अडली होती. ती धास्ती तिच्या हाडात बसलेली. बांगड्याच्या कालवणाचा वास आला की खाण्यासाठी जीव कासावीस व्हायचा, आणि ही बया माझ्यापुढून टोपच उचलून न्यायची! आरोग्य केंद्राची आशाताई सांगून सांगून दमली, "काकी, तिला पोटभर वाढा." आई हो हो म्हणायची आणि ताई वळली की हात आखडायची. मी भांडायचे. पण आईशी भांडून कोण जिंकलंय?

आठवा सरायच्या आतच कळा आल्या. मुलगी झाली, दीड किलोसुद्धा भरली नाही. ॲम्ब्युलन्सने तळेऱ्यामार्गे तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर-नर्स रात्रंदिवस झटले. आत हात घातला की ती माझं बोट धरायची. बारशाआधीच गेली.

मी आईला नाही नाही ते बोलले. डॉक्टर म्हणाले होते, कमी दिवसांचं बाळ कशाने होतं ते दर वेळी सांगता येत नाही, नुसत्या भातावर खापर फोडू नका. राग निवल्यावर मी हे तिला कितीदा तरी सांगितलं. "ता तुका बरा वाटूचा म्हणान सांगतत," एवढंच ती म्हणायची.

दुसऱ्या खेपेला मात्र ती भाताचा डाव घेऊन डोक्याशी उभी. "खा गो बाय, आणखी थोडा खा." नको म्हटलं की डोळ्यांत पाणी. आता जास्त वाढते म्हणून मी चिडायचे!

दिवस पुरे भरले. बाळंतपण सुखरूप झालं, सिझरही लागलं नाही. नर्स बाळ घेऊन बाहेर गेली. "आजी, नात झाली तुम्हाला!"

"वजन किती?"

"तीन किलो. छान आहे."

मला आत सगळं ऐकू येत होतं. "म्हणजे पयल्या चेडवाक मियाच मारलंय," आई म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

मी आतून हाका मारत राहिले, आये, तसा नाय गो. नर्स हसत आत आली नि म्हणाली, आजींना फार आनंद झालाय.