कवळीवाला आणि त्याचा एकुलता श्रोता

आमचे हे कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, आणि आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे दात तयार होतात. ह्यांचा हात सफाईदार, पण स्वभाव म्हणाल तर मुलखाचा संशयी. पोस्टमन हसला तरी ह्यांच्या मनात पाल चुकचुकते. कुलूप लावून खाली उतरतील आणि ते ओढून बघायला पुन्हा वर येतील. निदान माझ्यावर तरी संशय घेऊ नका, हे लग्न झाल्यापासून शिकवतेय. तेवढं मात्र जमलंय.

ह्यांना नाद एकच, माउथ ऑर्गनचा. तोही सिनेमातली गाणी वाजवायला नव्हे. दुसऱ्याची चाल वाजवणं म्हणजे ह्यांच्या मते उष्टं खाणं. स्वतः चाली बांधायच्या, फोनवर रेकॉर्ड करायच्या आणि इंटरनेटवर चढवायच्या. नाव नाही, चेहरा नाही. उगाच कोणी ओळख काढत दारात यायला नको.

ऐकणारे कोण, तर मी, कारण घर सोडून जाणार कुठे. नणंद ऐकायची, कारण न ऐकावं तर भाऊ फुगून बसणार. आणि कोण कुठला एक अनोळखी. फोनवर दिसायचं, तो प्रत्येक चाल ऐकायचा, तीच ती पुन्हा पुन्हा ऐकायचा, आणि बऱ्यावाईटाचा एक शब्द कधी लिहायचा नाही.

दुसरा कोणी असता तर हरखून गेला असता. हे म्हणाले, "चोर आहे. नुसतं आवडलं म्हणून कोणी इतकं ऐकतं का? चाली पाठ करतोय."

"तुमच्या चाली चोरून तो काय बंगला बांधणार आहे?" मी म्हटलं, आणि ते ह्यांना चांगलंच झोंबलं. मग कामधाम सोडून फोन घेऊन बसणं सुरू झालं. आला का, कुठली ऐकली, परत तीच का ऐकली. खालचा न्हावी शीळ घालत होता, तर जाऊन त्याच्याशी भांडून आले. शेवटी एका सकाळी चहा घेता घेता ह्यांनी सगळ्या चाली पुसून टाकल्या, इंटरनेटवरून आणि फोनमधूनसुद्धा, आणि माउथ ऑर्गन कपाटात कोंबला. "आता कर म्हणावं चोरी." घर असं मुकं झालं की मला करमेना. खरं सांगते, मला त्या चोराचीच दया यायला लागली.

मग एकदा डॉक्टरांनी वैतागून एक गिऱ्हाईक थेट आमच्याकडे धाडलं. निवृत्त बस ड्रायव्हर, अंगाने आडवे, बोलायला मऊ. तक्रार विचित्र होती. कवळीने जेवता येतं, बोलता येतं, पण माउथ ऑर्गन तोंडाला लावला की वरची कवळी सुटते. ह्यांनी कान टवकारले. कवळी थोडी घासली, बसवून दिली आणि म्हणाले, "वाजवा बघू."

ड्रायव्हरनी खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि ह्यांचीच चाल वाजवली. मध्येच थांबले, मला वाटलं, सुटली कवळी. पण नाही, पुढे वाजवून पुरी केली.

ह्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "सापडला. म्हटलं नव्हतं मी?"

"मग विचारा ना त्यांना."

बाहेर येऊन हे ताकास तूर न लागू देता म्हणाले, "चाल कुणाची?"

"देव जाणे. एकजण इंटरनेटवर टाकायचा. माझे दात गेले, वाजवणं सुटलं, मग त्याचंच ऐकत बसायचो. एक दिवस सगळंच गायब. गेला असावा बिचारा. ही एवढीच चाल डोक्यात राहिलीय. ती तरी जाऊ नये म्हणून ही कवळीची धडपड."

"मग त्याला कधी लिहिलं का नाहीत?" ह्यांच्या आवाजाची धार उतरली होती.

"मला कुठे त्यातलं लिहिता येतंय. आणि लिहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, काहीतरी मागतोय." ड्रायव्हर हसले. "चालीचं काय, कुठलीही ऐकली की दुसरी कुठली तरी आठवतेच. पण ह्याचं एक होतं. वाजवता वाजवता मध्येच थांबायचा. जिन्यात कोणी आलंय का, असा कानोसा घेतल्यासारखा. आणि मग हळूच पुढे. असं मी दुसऱ्या कोणाचं ऐकलं नाही. तेवढ्यासाठीच ऐकायचो."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. जिन्यात पाऊल वाजलं की हे खरोखरच थांबून कानोसा घ्यायचे.

"तो मीच," हे म्हणाले.

ड्रायव्हरनी ह्यांना खालून वर न्याहाळलं. "असं होय," म्हणाले, पण त्यांना पटलेलं नव्हतं.

ह्यांनी कपाट उघडून माउथ ऑर्गन काढला. तीच चाल सुरू केली, आणि काय सांगू, इतकं मोकळं हे कधी वाजवत नाहीत. शेजारची मुलं जिना धडधडवत उतरली, कोणाचं तरी दार आपटलं, ह्यांना पत्ता नाही. डोळे मिटून, कुठेही न थांबता, थेट शेवटापर्यंत.

ड्रायव्हर उठले. "छान वाजवता. तयारी आहे. पण तो तुम्ही नव्हे."

मी त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत धावले. "अहो, खरंच हेच ते."

"वहिनी, बायकोने तसं म्हणायलाच हवं," ते मायेने म्हणाले आणि उतरून गेले.

आत आले तर हे माउथ ऑर्गन मांडीवर ठेवून बसले होते. माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "अगं, मी कुठे थांबायचो, ते तुला तरी आठवतंय का?"