पूर्ण उघडायच्या आधी

मशीन हातात घेतल्यावर धम्मरत्न मुनेश्वर काय बिघडलं ते आधी विचारत नाही. कोणाचं आहे, ते विचारतो. राळेगावच्या एसटी स्टँडसमोर एका शटरचं त्याचं दुकान आहे. मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त होतात. मधली काही वर्षं या प्रश्नाला पुष्कळदा लगेच उत्तर येत नसे. समोरचा माणूस काचेखालच्या चार्जरांकडे बघत राही आणि मग सांगे, पोराचं होतं. भावाचं होतं. आमच्या ह्यांचं होतं.

अशी मशीनं धम्मरत्न वेगळी ठेवायचा. त्यांच्यातलं काही पुसायचं नाही, आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, मगच हात लावायचा, असा त्याचा नियम होता. तो त्याला कोणी शिकवला नव्हता. त्याचे वडील जिनिंगमध्ये सरकी काढायच्या यंत्रावर होते. रुईचे तंतू छातीत साठत गेले आणि ते खोकत खोकत गेले. त्यांच्या साध्या फोनमध्ये त्यांनी एकदा भीमगीत म्हणून रेकॉर्ड करून ठेवलं होतं. मधे मधे खोकला होता. धम्मरत्न तेव्हा नागपूरला सीताबर्डीत काम शिकत होता. तो घरी येईपर्यंत चुलत्याने फोन वर्ध्याला विकून टाकला होता. पुढे राळेगावात दुकान टाकलं तेव्हा, आपल्या हातून कोणाचं काही जाऊ द्यायचं नाही, एवढं त्याने ठरवून टाकलं. माणूस गेल्यावर जे उरतं ते मशीनमध्ये असतं, आणि ते आपण वाचवू शकतो, अशी त्याची समजूत होती.

बोंडअळीच्या वर्षी, कापूस घराघरांत भावाची वाट पाहत पडून होता तेव्हा, पंजाबराव एक लॅपटॉप घेऊन आले. धोतर नाही, पँट घालणारे शेतकरी. चेहरा असा, की उन्हातून आत येऊनही डोळे अजून उन्हातच आहेत.

"कोणाचं आहे, काकाजी?"

"प्रियंकाचं. माह्या पोरीचं." ते थांबले. "यवतमाळले शिकत होती. फवारणीच्या दिवसांत घरी आलती. पाणी घेऊन वावरात गेली."

त्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषाने माणसं मरत होती, एवढं सांगितलं की पुढचं ऐकणाऱ्याला कळत असे. धम्मरत्नने पुढे विचारलं नाही.

"चालू होत नाही का?"

"होते. पण लय टाइम घेते. घरची बाई रोज दुपारी घेऊन बसते. तिले फोटोगिटो पाहाचे असतीन, मले काही सांगत नाही. बसते, बसते, अन् थकून बंद करून टाकते. रोजचंच हाय. मले पाहवत नाही, बापू. लवकर उघडन असं करून द्या. काही बदलाचं असन तं बदला."

धम्मरत्नने बटण दाबलं. काळ्या पडद्यावर कंपनीची खूण आली, बराच वेळ राहिली. मग एका गोलात मुलीचा चेहरा आला. केस मोकळे, ओठ हसण्याच्या बेतात. खाली नाव, आणि नावाखाली गोल फिरणारे ठिपके. ठिपके फिरत राहिले. शेजारच्या टपरीवरून खेमसिंग चहा घेऊन आला. पंजाबरावांचा चहा पिऊन झाला तरी ठिपके फिरतच होते.

"तहसीलमधून आणलं का हे?" खेमसिंग म्हणाला. "उद्या या म्हणून राह्यलं."

पंजाबराव हसले नाहीत. खेमसिंगने धम्मरत्नकडे पाहिलं, आणि कप उचलून गेला.

चेहरा गेला तेव्हा मागे निळा पडदा आणि ओळीने लावलेली चित्रं उरली. धम्मरत्नने ठेवून जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मागचं झाकण काढलं. आत कापूस होता. पंख्याच्या पात्यांना, हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीला, रुईचा थर बसून गादीसारखा झाला होता. त्यात सरकीचं टरफल होतं, आणि एक लांब केस. गावोगावी घराच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला, त्यातच खळगा करून लॅपटॉप ठेवायचा, वरून कापूस ओढून घ्यायचा. त्या वर्षी धम्मरत्नकडे अशी किती तरी मशीनं आली होती. लोकांना वाटे, मऊ जागा आहे, आपटणार नाही, कोणाला दिसणार नाही. मशीन मात्र आत गुदमरून जाई, तापे, आणि तापलं की जीव वाचवायला हळू चाले.

"जिनिंगले घेऊन जा," खेमसिंग टपरीवरून म्हणाला. "गाठ बांधून देतीन. भाव आला तं आपण अर्धे अर्धे."

"तुले त्याच्यातबी अर्धे पाहिजेत."

"मंग काय. चहा कोणाचा पेतं?"

धम्मरत्नने ब्रशने थर काढला, जाळी साफ केली, फुंकर मारली. केस त्याने टाकला नव्हता, ठेवलाही नव्हता. फुंकरीत तो कुठे गेला ते त्याला कळलं नाही. दुपारभर अधूनमधून तो खाली फरशीकडे पाहत होता.

मशीन आता तापेना, पण उघडायला तेवढाच वेळ घेई. सुरू होतानाच जागे होणारे नको ते प्रोग्रॅम त्याने बंद केले. गाण्यांचा होता, गप्पांचा होता, कॅमेऱ्याचा होता. थोडा फरक पडला. मग, मशीन कधी सुरू झालं, कधी बंद झालं, याची जी नोंद ते स्वतःच आत ठेवतं, ती त्याने उघडली. दिवाळीच्या आधीपासून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिलेली होती. दुपारी सुरू. थोड्या वेळाने अचानक बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू. अचानक बंद. दुकानात यायच्या आधी एकदाही ते पूर्ण उघडलेलं नव्हतं.

बॅटरी, त्याला वाटलं. नाहीतर तापून पडलं असेल. लोडशेडिंगही दुपारचंच असतं.

पण कोणी तरी रोज एकाच वेळी दारापर्यंत येतं आणि आत न येता परत जातं, तसं ते वाचताना वाटत होतं.

त्याने डिस्क बाहेर काढली, जोडून फिरवली आणि कानाशी धरली. टक्. मग शांतता. पुन्हा टक्. आतल्या फिरणाऱ्या तबकडीवर जागोजागी खराबी झाली होती. मशीन तिथे येई, वाचता येत नसे, मागे जाई, पुन्हा वाचू पाही. सगळा उशीर तिथे होता. मधेच बंद पडत गेलं की असं होतं, हे त्याला माहीत होतं.

नवी डिस्क, फिरणारी तबकडीच नसलेली, त्याने लावायचं ठरवलं. आधी जुनीतलं सगळं उतरवून घेतलं. ते काम लांबलं. पडद्यावर नावं सरकत होती: सेमिस्टरच्या नोट्स, मैत्रिणीचं लग्न, हळद, आईचं गाणं, आईचं गाणं दोन. त्याने एकही उघडून पाहिलं नाही. पण त्याला वाटत राहिलं, की आपण एका घरातून दुसऱ्या घरात सामान हलवतो आहोत, आणि घरातलं माणूस एका कोपऱ्यात उभं राहून पाहतं आहे.

एकही फाइल राहिली नाही. जुनी डिस्क त्याने कागदात गुंडाळून नाव टाकून ठेवली. मशीन लावून बटण दाबलं. खूण आली, चेहरा आला, आणि नीट पाहायच्या आत पडदा उघडला. पंजाबराव घ्यायला आले तेव्हा त्याने त्यांना दोनदा सुरू करून दाखवलं.

"पापनी लवाच्या आत," पंजाबराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा सैल झाला. "आता तिले बसा नाही लागणार."

त्या आठवड्यातच प्रियंकाची आई इंदूबाई आली. एकटी, बसने. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून पिशवीत, पिशवी छातीशी. दुकानाच्या पायरीशी ती थांबली आणि पाटी वाचता येत नसल्यासारखी आत पाहत राहिली.

"प्रियंकाचं मशीन तुम्हीच केलं ना?"

"हो काकू. बसा. काही बिघडलं का?"

"बिघडलं नाही. तेच सांगाले आली. जसं होतं तसं करून द्या."

"कसं?"

"हळू."

टपरीवर खेमसिंग हसला. "घ्या. दुनिया फास्ट करून मागते, अन् ह्या मावशी..." त्याला इंदूबाईचा चेहरा दिसला असावा. तो कप विसळू लागला.

इंदूबाई स्टुलावर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

"आंधी मी बटन दाबत होती, अन् ती येत होती. तिच्या टाइमानं बसत होती माह्याजवळ. खालचे ते ठिपके फिरत राह्यत. मी भाजी तोडत होती, शेंगा सोलत होती, काही बोलत होती. आता बटन दाबलं की तोंड दाखवते अन् पळते. निळं निळं राह्यते मागं. कुठं जाऊन बसते, सापडत नाही मले."

धम्मरत्नला उत्तर सोपं वाटलं. "काकू, तोच फोटो मोठा करून पूर्ण पडद्यावर लावून देतो. मग जाणारच नाही. आणि आत पुष्कळ फोटो आहेत, सगळे काढून दाखवतो. तुमचं गाणं पण आहे तिने घेतलेलं."

"फोटो हाय ना घरी. भितीले लावेल हाय, हार घालून. तो पाह्यला की ती गेली असं दिसते." तिने पिशवीवरून हात फिरवला. "याच्यात ती गेली नसते. येऊन राह्यली असते."

"पण कधीतरी तर उघडत असेल ना पूर्ण? आधीसुद्धा चेहरा जातच होता की."

"मी कायले उघडू देईन? जाईन असं वाटलं की बटन दाबून धरते. बंद होते."

धम्मरत्नला मशीनमधली ती नोंद आठवली. दुपारी सुरू, अचानक बंद. बॅटरी नव्हती ती. लोडशेडिंगही नव्हतं. पंजाबराव रोज पाहत होते, पण त्यांना दिसत होती ती थकून मशीन बंद करणारी बायको.

जे तो सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, ते सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं. "तसं दाबून बंद करायचं नसतं, काकू. त्यानेच ते खराब झालं. दर वेळी आत थोडं थोडं बिघडत गेलं, म्हणून रोज जास्त जास्त वेळ घ्यायला लागलं."

इंदूबाईने मान वर केली.

"म्हनून रोज जास्त थांबत होती ती?"

"हो."

"मले वाटे, माह्यासाठी..."

आपण काय केलं ते धम्मरत्नला उशिरा कळलं. स्टँडवर कोणती तरी गाडी लागत होती, कंडक्टर गावांची नावं घेत होता. इंदूबाईने ती सगळी नावं ऐकून घेतली. मग म्हणाली, "तसंबी असू द्या. तुम्ही जुनं लावून द्या."

"लावून देतो. पण ते एक दिवस उघडणारच नाही. चेहरा पण नाही यायचा. काळं राहील."

"किती दिवस चालन?"

"सांगता नाही येत."

"पोरीच्या बारीले डॉक्टरनंबी असंच सांगतलतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "नवं तुमच्यापाशी राहू द्या. ह्यायनं मांगलं तं द्या. मले नको."

त्याने कागदातली डिस्क काढली. स्क्रू काढून ती मशीनमध्ये बसवली. काढलेला बिघाड पुन्हा बसवायचा, असं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं. बंद केलेले प्रोग्रॅमसुद्धा जुन्या डिस्कवर त्याने एकेक करून परत सुरू केले. झाकण लावलं. मशीन तिच्यासमोर ठेवलं आणि बटण तिलाच दाबायला दिलं.

खूण आली, राहिली. मग प्रियंका आली. आत कुठे तरी टक् वाजलं. ठिपके फिरू लागले.

एक पोरगा रिचार्जला आला होता, त्याला धम्मरत्नने हाताने थांबवलं. तो चेहरा त्याने याआधी कितीदा पाहिला होता, पण तो जायची वाट बघत. आज पहिल्यांदा तो नुसता पाहत होता. मुलगी समोर बघत नव्हती. तिची नजर थोडी बाजूला, कोणाकडे तरी होती, आणि गोलाच्या अगदी कडेला हिरव्या रंगाची एक पट्टी आली होती.

"तो माहा पदर व्हय," इंदूबाई म्हणाली. "मावसबहिणीच्या लग्नातला फोटो. मी बाजूले उभी होती. तिनं मले काटून टाकलं अन् हा एवढा राहून गेला. मी म्हटलं, आईले काटलं काहून वं? तं म्हणे, तू मावत नाही."

हे सांगताना ती हसली. ठिपके फिरत होते. ती काही पुटपुटत होती, ते धम्मरत्नला ऐकू येत नव्हतं, आणि त्याने ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मग चेहऱ्याच्या कडा किंचित फिक्या झाल्यासारख्या वाटल्या आणि इंदूबाईचं बोट बटणावर गेलं. धम्मरत्नचा हात आपोआप पुढे आला होता. त्याने तो मागे घेतला.

तिने बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला.

लॅपटॉप बंद करून तिने तो मांडीवर घेतला. त्याच्या पोटाखाली तळहात लावून थोडा वेळ तशीच बसली.

"आंधी गरम लागे मांडीवर," ती म्हणाली. "आता लागत नाही."

"नाही लागणार, काकू. आतला कापूस काढला ना मी."

"हो का," इंदूबाई म्हणाली, आणि टॉवेल उलगडून त्याला गुंडाळायला लागली, आधी पायाकडून, मग वरून, मग दोन्ही बाजूंनी.