खडीवरचं इंग्रजी

दुष्काळी कामावर माझ्याशेजारी खडी फोडणारी ती बाई हातोडीच्या ठोक्यावर इंग्रजी घोकायची: गो, वेंट, विल गो. चुकली की स्वतःचाच कान पिळायची. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली होती. मी तेव्हा लई शहाणी! विचारायचे, "दगडाला इंग्रजी कळतंय व्हय गं?"

"तुझ्याआधी त्येलाच कळंल."

दिवाळीनंतर साखर कारखान्याचा ट्रक गावात आला. ऊसतोडीला जोडपंच घेतात. ती अडली तर नवऱ्याचंही काम जाणार होतं.

"चढ की!" मुकादम खेकसला.

"मार्चची परीक्षा दिल्याबिगर न्हाई," म्हणत ती पारावर मांडी घालून बसली.

ट्रकात बसून मी खिदळले. तिचा नवरा मात्र कोयता घेऊन खाली उतरला आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. मी वळून आमच्या ह्यांच्याकडं पाहिलं. ते तंबाखू मळत होते.