चित्रातल्या पोरीला लागलं तेव्हा

वाशीच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला होता. मी तिथल्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते. तंबूत माझ्या शेजारी एक अनोळखी बाई भाजीची रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती.

आधी विलायती कार्टून लागलं. बोक्यावरून रस्ता दाबायचा रूळ फिरला, त्याचा पापड झाला आणि तो पुन्हा पळाला. बाई तोंडात पदर धरून हसली. मग जपानी कार्टून लागलं. त्यातली मुलगी झाडावरून पडली, तसा तंबू सवयीनं हसला. बाई ताडकन उभी राहिली.

"हसू नगा! लेकराला लागलंय."

मी हळूच म्हणाले, "मावशी, दोन्ही चित्रंच की."

"व्हय. पर बोक्याला दुखतच न्हाय. ही बघा, गुडघा धरून रडू दाबतीया."

एवढ्यात रीळ तुटलं. लोक उठू लागले.

"पोरगी उभी ऱ्हायल्याबिगर म्या जायची न्हाय," असं ठणकावून ती खाली बसली. तिचं बघून एकेक बाई परत टेकली. ऑपरेटरनं रीळ जोडलं. मुलगी लंगडत उठली, चालू लागली, आणि साऱ्या तंबूनं सुस्कारा सोडला.

ती बाई मला पुन्हा कधी दिसली नाही. त्या संध्याकाळी खेळ संपून तंबूत दिवे लागले तेव्हा मी स्वतःचाच गुडघा घट्ट धरून बसले होते.