एका ओळीत दोन काळे

कोंढ्याच्या थांब्यावर भंडाऱ्याची एसटी आली, तेव्हा ताईने माझ्या बॅगेची चेन पुन्हा उघडली आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आत कोंबला. चोवीस सराव पेपर आणि त्यांचे चोवीस पुठ्ठे. "घेऊन जाय," ती म्हणाली. "रोजचा पेपर सोडू नको."

"तुले लागतीन ना," मी म्हटलं.

"मले काय करायचे? माहे तं सोडवून झाले."

गाडी हलली. माय पदर तोंडाला लावून उभी होती आणि बाबा कंडक्टरला तिसऱ्यांदा सांगत होते, "पोरीले भंडाऱ्यात नागपूरच्या गाडीत बसवून द्या." मी मागे वळून पाहिलं नाही. थांब्यावरच्या लोकांना वाटलं असेल, पोरगी धीराची आहे. धीर कसला! ताईच्या तोंडाकडे बघायची माझी छाती नव्हती.

आधी त्या पुठ्ठ्यांबद्दल सांगते. ताई, म्हणजे सुजाता, माझ्याहून सव्वा वर्षाने मोठी. ती शाळेत जायला लागली तेव्हा मी इतका गोंधळ घातला की गुरुजींनी मलाही तिच्याच वर्गात बसवून घेतलं. गोंदिया आमच्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला आणि गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशावर पेनाने नवी रेघ मारली, तेव्हा आम्ही दोघी एकाच पट्टीवर बसून ती रेघ वहीत उतरवत होतो. दहावी एकत्र, अकरावी सायन्स एकत्र. बारावीनंतरची सीईटीही एकत्रच द्यायची होती. पण तयारीला नागपूरला जायचं तर एकीलाच जाता येणार होतं. आत्या नर्स होती आणि तिच्या क्वार्टरमध्ये जास्तीची एकच खाट मावत होती.

बाबा तुमसरला राइस मिलमध्ये कामाला होते, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. त्यांनी ठरवलं, मार्कांवरून ठरेल. अकरावीची परीक्षा झाल्यावर, ऐन मे महिन्यात, चार आठवडे, रविवार सोडून रोज एक पेपर. शंभर प्रश्न, तीन तास, सकाळी सात ते दहा. एका पेपराच्या पिना काढून दोन भाग करायचे, अर्धा ताईला, अर्धा मला, दीड तासाने अदलाबदल. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवर प्रत्येक ओळीतल्या चारांपैकी एक गोल पेन्सिलने काळा करायचा. "रोजचं रोज झालं पायजे," हे बाबांचं पालुपद. आणि त्याच्या खालोखाल दुसरं, "एकीनं बी लबाडी केली तं दोघीबी घरीच." बाबा बोलले की बोलले, हे आम्हाला माहीत होतं.

तपासायचं कोणी? आमचं आम्ही तपासायचं नाही, हे तर उघडच होतं. बाबा आठवडाभर तुमसरला. राहिली माय, आणि मायला अक्षर येत नव्हतं. मग बाबांनी शर्टाच्या खोक्यांतले पुठ्ठे जमवले. रविवारी बुद्धवंदना झाली की आम्हाला बाहेर पिटाळायचे आणि उत्तरं बघून, बरोबर गोलाच्या जागी, पेटत्या अगरबत्तीने पुठ्ठ्याला भोक पाडायचे. एका पुठ्ठ्याला शंभर भोकं. मायने पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर कोपऱ्याला कोपरा लावून ठेवायचा आणि भोकातून काळं दिसलं की मोजायचं. पांढरं दिसलं तिथे लाल पेन्सिल टेकवायची. ते लाल प्रश्न आम्ही दुपारी पुन्हा सोडवायचो.

मोजण्यात मायचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहाटे जंगलातून तेंदूपत्ता तोडून आणायची आणि सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून पानांचे पुडे बांधायची. तोंडाने शेजारणीशी बोलणं चालू, आणि पुड्यात एक पान कमी-जास्त नाही. पुडे झाले की हात पुसून आमचे कागद घ्यायची, काळे मोजायची आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दोन आकडे लिहायची. आकडे तिला येत होते. वर सुजीचा, खाली करुणाचा.

वरचा आकडा नेहमी मोठा असायचा. फार नाही, दोनचार मार्कांनी. पण रोज. रोज दोन मार्कांनी हरणं म्हणजे काय ते एकदाच वीस मार्कांनी हरणाऱ्याला कळायचं नाही.

दहाव्या की अकराव्या दिवशी माझं खोडरबर झिजलेलं होतं. एका प्रश्नाला मी आधी 'ब' काळा केला होता, मग खोडून 'क' केला. 'ब' नीट खोडला गेला नाही. बरोबर उत्तर 'ब' होतं. मायला भोकातून काळं दिसलं, तिने मोजलं. त्या एका गोलामुळे मी त्या दिवशी ताईच्या पुढे गेले. "करुणी पुढं गेली वो आज," माय शेजारणीला म्हणाली. तेवढं ऐकून माझं पोट भरलं.

पुठ्ठ्याखाली काय आहे ते पुठ्ठ्याला दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी दोन प्रश्नांना दोन-दोन गोल काळे केले. मग चार. मग जिथे अडलं तिथे. कागद तपासून हातात आला की लाल प्रश्न वहीत उतरवायचे आणि कागद लगेच चुलीत. ताईला संशय यायला जागा नव्हती, असं मी समजत होते.

चौथा आठवडा संपला त्या रविवारी बाबांनी कॅलेंडर खाली काढून बेरीज केली. दोनदा केली. मग म्हणाले, "करुणा जाईन." ताई विहिरीवरून पाणी घेऊन आली होती. डोक्यावरची पाण्याची गुंडी न उतरवता तिने ऐकलं आणि आत गेली.

नागपूरच्या क्लासमध्ये पहिल्या टेस्टला मी शेवटून तिसरी आले. तिथे कागद मशीन तपासायचं, आणि मशीनला एका ओळीत दोन गोल दिसले की ते शून्य देतं. मशीन मायसारखा विश्वास ठेवत नाही. आत्या ड्यूटीवर गेली की मी ताईचा गठ्ठा उघडायची. पहिला पेपर पुन्हा, मग दुसरा. ज्या प्रश्नांना मी दोन गोल केले होते त्यांना लाल पेन्सिल कधी लागलीच नव्हती, म्हणून ते मी पुन्हा कधी सोडवलेच नव्हते. आता तेच नेमके आडवे यायचे. चोवीस पेपर झाले की पुन्हा पहिल्यापासून. ताप आला तरी एक पेपर. आत्या गावी सांगायची, पोरगी फार अभ्यासू आहे. मी अभ्यास करत नव्हते, कॅलेंडरवरचे खोटे आकडे खरे करायला बघत होते.

रोजच्या सरावाने माणूस पास होतो, हे मी कोणालाही छातीठोक सांगेन. मी झाले. पुण्याला इंजिनिअरिंगला लागले. ताईने घरून अभ्यास करून भंडाऱ्याच्या सेंटरवर परीक्षा दिली आणि थोडक्यात राहिली. पवनीला बीएस्सी केलं, गावातच लग्न झालं, खाजगी शाळेत शिकवायला लागली.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. सकाळी स्टँडअप मीटिंग, दुपारी कॉल, रिलीजच्या आठवड्यात जेवायची शुद्ध नाही. "करून राहिली" म्हटलं की ऑफिसात हसायचे, म्हणून ते मी कधीच सोडलं. सगळं सुटलं, अगरबत्तीचा वास मात्र सुटला नाही. लिफ्टमध्ये कोणाच्या घरातून तो आला की मी आपोआप हाताकडे बघते, पेन्सिलचं काळं लागलंय का म्हणून. संध्याकाळी समोरच्या टॉवरच्या खिडक्या एकेक करून उजळतात आणि मी एका ओळीत किती पेटल्या ते मोजत उभी राहते. घरचे विचारतात, काय बघतेस? काही नाही म्हणते. फ्लॅट, पगार, गाडी, सगळं भोकातून बरोबर दिसतं. पुठ्ठा कोणी उचलला तर, ही भीती माझ्याबरोबर इतकी वर्षं राहिली. तुमच्यातही कोणी असेल, घर सोडलेलं, ज्याला ठाऊक आहे की आपल्या जागी दुसरं कोणीतरी जाणार होतं. त्याला हे वेगळं सांगायला नको.

बाबा आजारी होते तेव्हा मी दोनदा त्यांना सांगायला बसले. त्यांनीच विचारलं, "रोजचं रोज चालू हाय ना?" मी हो म्हटलं. मग ते गेले.

या मे महिन्यात मी कोंढ्याला गेले. सकाळी सातला सपरीत अकरा मुलं-मुली पेपर सोडवत बसली होती. ताई रोज आपल्या घरून येऊन इथे सराव घेते, फोनवरून माहीत होतं, बघितलं पहिल्यांदा. पुठ्ठेही तसेच, अगरबत्तीने पाडलेले. दहा वाजता मुलं गेली आणि ताई तपासायला बसली. पहिला कागद घेतला, पण पुठ्ठा बाजूलाच. नुसत्या डोळ्यांनी एकेका ओळीवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी दोन गोल होते, त्यावर लाल रेघ मारली. मग पुठ्ठा ठेवला.

"हे आधी पाहाचं कोनं शिकवलं तुले?"

"मायनं." ताईने मान वर केली नाही. "त्या वर्षी तू आंघोळीले गेली होती. मायनं पुठ्ठा उचलला अन् मले बलावलं. म्हणे, सुजी, एका ओळीत दोन काळे चालतेत काय?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मी म्हटलं, चालतेत."

"काहून?"

"नाही म्हटलं असतं तं बाबानं दोघीयलेबी घरी बसवलं असतं. एक तं गेली पायजे होती." तिने पुढचा कागद घेतला. "अन् मले वाटलं, तू सांगशीन. आज सांगशीन, उद्या सांगशीन. थांब्यावर बी वाट पाह्यली मी. तू तं वळून बी नाही पाह्यलं."

"ताई..."

"राग नव्हता असं नको समजू. लय होता. मंग हे पोरं येऊ लागले, तं राग करायले टाइमच नाही भेटला."

मी रडले. ताईने रडू दिलं आणि कागद तपासत राहिली. सगळे झाल्यावर म्हणाली, "उद्या सातले बस. पाहू तं, तुले काय येते."

घर म्हणजे काय, असं पुण्यात कोणी विचारलं की मी आजवर आंबा, तलाव, सपरी असं काहीबाही सांगायची. आता एवढंच सांगेन, की जिथे पुठ्ठ्याखालचं पाहूनही मला एसटीत बसवून दिलं, ते माझं घर.

दुसऱ्या दिवशी त्या मुलांच्या ओळीत मी बसले. तीन तास. निम्मं विसरले होते. दहा वाजता ताईने माझा कागद सगळ्यात आधी घेतला, ओळीवरून बोट फिरवलं, पुठ्ठा ठेवला आणि मोजलं. "सत्तेचाळीस," ती म्हणाली आणि उठून कॅलेंडरवर लिहिलं. आत खाटेवर माय पडून होती. तिला आता दिसत नाही, पण रोज कागद तपासायच्या वेळी ती हटकून विचारते म्हणे. त्या दिवशीही विचारलं.

"सुजी, दोन काळे तं नाही ना?"

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"नाही माय," ती म्हणाली. "एकेकच हाय."