उलटून पाहिलेली रोटी

सी अल्लालला जगात दोनच माणसं शहाणी वाटायची. एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा बाप, तोही मेल्यापासून. सफ्रू गावच्या जुन्या गल्लीत चाळीस वर्षं त्याने मोहल्ल्याची भट्टी चालवली आणि चाळीस वर्षं नाक मुरडलं. कोणाची कणीक सैल, कोणाची अळणी. गॅसची शेगडी घेतलेल्या बायका तर त्याच्या हिशेबी माणसांतून उठल्या होत्या.

पण त्याच्या कामाला बोट लावायची कोणाची छाती नव्हती. साठ घरांच्या रोट्या फळ्यांवरून, फडक्याखाली झाकून भट्टीत यायच्या, एकत्र भाजल्या जायच्या आणि ज्याच्या त्याच्या घरी बिनचूक परत जायच्या. नाव नाही, चिठ्ठी नाही. रोटीची जाडी, कडेचा उतार, वरचा बोटांचा दाब पाहून तो सांगायचा, ही सुताराची, ही विधवेची, ही भांडून मळलेली. एकदा एका नव्या सुनेने दारात आपली रोटी उलटून पाहिली. सी अल्लालने तिची फळी तिच्या हातात कोंबली. "बाई, उद्यापासून घरी गॅसवर भाज. माझ्याकडची रोटी उलटून बघायची नसते." महिनाभर त्या घराशी तो बोलला नाही, आणि गल्लीला त्यात काही चूक वाटली नाही.

तर अशा माणसाची नात त्या उन्हाळ्यात बेल्जियमहून येणार होती. शामा, आठ वर्षांची. लेक बतूल तिला तान्ही असताना घेऊन गेली ती आताच आणत होती. सी अल्लालने भट्टीची खोली आतून चुना लावून पांढरी केली, भट्टीच्या तोंडाशी तो ज्या खड्ड्यात उभा राहायचा त्याशेजारी बसायला एक बुटकं बाकडं केलं आणि नवी टोपी घेतली. बोलून दाखवलं नाही, पण त्याला एवढंच हवं होतं: पोरीने एक सकाळ त्या बाकड्यावर बसावं आणि आपला आजोबा काय चीज आहे ते डोळ्यांनी पाहावं.

पोर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मळलेल्या रोट्यांची फळी घेऊन भट्टीशी आली आणि उंबरठ्याबाहेर खिळ्यासारखी उभी राहिली.

"ये की गं आत!"

"नको, बा सीदी," ती आजोबाला म्हणाली. "मुलगी आत आली की आग रुसते. मग सात दिवस रोटी फुगत नाही."

"हे कोणी सांगितलं तुला?"

शामाने पिशवीतून पुस्तक काढलं. परदेशच्या मुलांना दूरदूरच्या देशांची ओळख करून देणारं, जाड गुळगुळीत पानांचं. शाळेत बाईंनी वर्गाला वाचून दाखवलं होतं. आणि त्यात चक्क सी अल्लाल होता! म्हणजे, असावा; चित्राखाली 'सफ्रूचा भट्टीवाला' असं छापलं होतं. दाढी बेंबीपर्यंत ओढलेली, पायातले जोडे गायब, डोक्याला कधी न बांधलेलं मुंडासं. मागे उंट. सफ्रूत उंट! चेरीच्या बागांचं गाव हे. ज्या गल्लीत दोन गाढवं समोरासमोर आली तर एकाला उलट्या पावली जावं लागतं, तिथे पुस्तक लिहिणाऱ्या बाईने उंट घुसवला होता. आणि पानापानावर आमची मुलं नुसती हसताहेत. आमची मुलं म्हणे नापास होत नाहीत, नाकं शेंबडी करत नाहीत, एकमेकांच्या झिंज्या उपटत नाहीत. दिवसभर पुदिन्याचा चहा पितात आणि पाहुण्याला सलाम ठोकतात. असली पुस्तकं लिहिणाऱ्यांना आमच्याकडे आठ दिवस पुरतात. नवव्या दिवशी त्यांना आमच्यापेक्षा आमचं जास्त कळायला लागतं.

सी अल्लाल पेटला. दोन दिवस ते पुस्तक घेऊन गल्लीभर फिरला. न्हाव्याला दाखवलं, मसालेवाल्याला दाखवलं. "बघा, बघा अक्कल! आग रुसते म्हणे! आग म्हणजे काय हिची जाऊ आहे?"

गल्ली पोट धरधरून हसली. त्याने शामाला जवळ घेतलं. "खोटारडी बाई आहे ती. मी असलं काही जन्मात बोललो नाही. पोरी दारातूनच फळी देतात, कारण आत जागा नाही आणि उकडतं. बस्स."

"पण चित्र तुमचं आहे. म्हणून मला खरं वाटलं."

"चित्र माझं, थापा तिच्या. आता ये आत."

पोरीचा पाय उंबरठ्यावर आलाच होता. तेवढ्यात लल्ला तामो फळी घेऊन आली. समोरच्या घरातली, सत्तरीची, तोंडाने फटकळ. पुस्तक पाहिलं मात्र, फळी खाली ठेवून ती भिंतीला टेकून हसायलाच लागली.

"अगं बाई! छापलं की काय तिने? अरे अल्लाल, हे तर तूच सांगितलंस तिला! मी इथेच उभी होते. ती मेली डोळ्यांत पाणी आणून लिहून घेत होती आणि तू गंभीर चेहरा करून, 'आग रुसते, बाई, सात दिवस.' पुढे महिनाभर तू ती नक्कल करून दाखवत होतास!"

खरंच होतं ते. दहा वर्षांपूर्वी वही घेऊन आलेली ती परदेशी बाई. पोरी आत का येत नाहीत, म्हणून तिने तीनदा विचारलं. उकडतं, हे उत्तर तिला पसंत पडेना. तेव्हा सी अल्लालने तिला पसंत पडेल असं उत्तर दिलं. उंटावरच्या शहाणीला कसं बनवलं, म्हणून स्वतःवरच खूश झाला. आम्हा सगळ्यांनाच ही खोड आहे. बाहेरचा माणूस वही उघडून बसला की आमच्या जिभेला खाज सुटते. ती वही पुढे कुठे जाते, हे आमच्या बापाला कळत नाही.

"म्हातारी झालीस तू, तामो. काहीतरीच आठवतं तुला."

"म्हातारी झाले, पण बहिरी नव्हते."

शामा आजोबाकडे बघत होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"वर्गात एमा म्हणाली, तुमच्याकडे मुलींना असं वागवतात," ती म्हणाली. "मी तिच्याशी भांडले. म्हटलं, माझे आजोबा खोटं सांगणार नाहीत, आगीला असेल काहीतरी. मग सगळे मला हसले. आता शाळेत गेल्यावर मी काय सांगू?"

"सांग, पुस्तक चुकीचं आहे."

"आणि त्या बाईला हे कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं तर?"

चाळीस वर्षं दर माणसाला उत्तर तयार असणारा सी अल्लाल खाली वाकून विस्तव सारखा करत बसला. विस्तव सारखाच होता.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी शामा आली. स्वतः मळलेली, तळहाताएवढी रोटी घेऊन. उंबरठा ओलांडून सरळ आत आली, त्या बुटक्या बाकड्यावर बसली. सी अल्लालला आभाळ ठेंगणं झालं. लांब दांड्याच्या फावड्यावर त्याने साठ घरांच्या रोट्या आत सोडल्या. दिसेल अशा बेताने मनगट फिरवलं, घाम पुसायलाही थांबला नाही. रोट्या निघू लागल्या तसं तो नावं घेत गेला. सुताराची. विधवेची. तामोची. लल्ला तामो दारात उभी होती. तिची फळी भरली, तिने न बघता फडकं टाकलं.

शेवटी त्याने ती छोटी रोटी काढली, राख झटकली आणि दोन्ही हातांनी नातीपुढे धरली.

"आणि ही माझ्या शामाची."

शामाने रोटी घेतली. चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात केली. मग उलटली. खालच्या अंगाला तिने घरूनच फ्रॉकचं बटण दाबून खूण करून आणली होती. खूण तिने नीट पाहिली, बोटाने चाचपली.

"हो," ती म्हणाली. "माझीच आहे."

सी अल्लाल फावडं भिंतीला लावायला वळला आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभा राहिला.