झांबियाला गेलेली रंजिता

महागावजवळच्या एका तांड्यातली रंजिता ही तिथली पहिली नर्स. तिचा धाकटा भाऊ बबलू सिकलचा, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पेशंट. हाडं ठणकू लागली की त्याला खाटेवरून उठवत नसे. त्याच्यासोबत दवाखान्यात बसता बसताच तिनं नर्सिंगचं ठरवलं, यवतमाळला शिकली आणि तिथंच नोकरीला लागली.

तांड्यातली थोडी घरं येशूला मानणारी. त्यांचं आधी एकच प्रार्थनाघर होतं, पास्टर बाबूसिंग यांचं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले सेवादास पुढे एका परदेशी मिशनशी जोडले गेले आणि म्हणू लागले, आपणही बाहेरदेशी माणसं पाठवली पाहिजेत. बाबूसिंगना ते पटेना. ऊसतोडीला गेलेल्या आपल्याच लोकांना भेटायला कोणी जात नाही, मग आफ्रिका कशाला? शेवटी सेवादासांनी टिनाच्या शेडमध्ये प्रार्थनेची वेगळी मंडळी भरवली. गाणी तीच, प्रार्थना तीच. पण रस्त्यात भेटल्यावर एकमेकांना ‘जय मसीह की’ म्हणणं बंद झालं.

मिशनला झांबियातल्या दवाखान्यासाठी नर्स हवी होती. सेवादासांनी रंजिताचं नाव दिलं. तिथं सिकलच्या लेकरांचा वेगळा वॉर्ड आहे हे कळल्यावर ती हो म्हणाली.

हे ऐकून बाबूसिंग घरी आले. रंजिताची आई रुपीबाई त्यांच्या मंडळीत गाणी धरायची.

“सिकलचे पोरं इथं कमी हायेत काय?” त्यांनी रंजिताला विचारलं. “तुह्या घरातच एक हाय. त्याले टाकून चालली?”

रंजिताला स्वतःलाही हेच खात होतं.

“मले टाकून नाही, शिकाले चालली थे,” बबलूच बोलला. “माह्या गोळ्या मी घेतो.”

“अन् सेवादास साऱ्याईले सांगत फिरन, हे आमची मिशनरी म्हणून!” बाबूसिंग म्हणाले.

“सांगू द्या ना,” रुपीबाई म्हणाली.

रंजिताच्या निरोपाच्या प्रार्थनेला रुपीबाई सेवादासांच्या शेडमध्ये गेली. पुढच्या रविवारी बाबूसिंगनी गाणी दुसऱ्या बाईकडे दिली. रुपीबाईला ते फार लागलं. पण नवरा वारला तेव्हा सगळ्यांच्या आधी धावून आले ते बाबूसिंगच, हे ती विसरली नव्हती. ती त्यांच्याच प्रार्थनाघरात जात राहिली, फक्त मागे बसू लागली.

दोन वर्षांनी रंजिता परतली. महिन्यातून एकदा आरोग्य खात्याच्या आशाताईंसोबत तांड्यातल्या लेकरांचं रक्त तपासायचं तिनं ठरवलं. सेवादास म्हणाले, “तुले आमीच पाठवलं, तं शिबिर आमच्या शेडमधी. मिशनचा बॅनर लावू.” बाबूसिंगनी निरोप धाडला, प्रार्थनाघर देतो, पण मिशनचं नाव निघायला नको.

तिनं दोघांनाही नाही म्हटलं आणि तांड्याचे नायक पूनमसिंग यांच्याकडे बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांच्या मंदिरापुढचा मंडप मागितला.

“प्रार्थना-गिर्थना करसान काय तिथं?”

“नाही काका. फक्त रक्त तपासाचं हाय.”

“मंग घे. चपला बाहेर काढजा.”

पहिल्या वेळी बाबूसिंगांच्या मंडळीतलं कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या वेळी ते स्वतः नातवाला घेऊन रांगेत उभे राहिले. पुढे सेवादासांची बायको होती. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. नातू सिकलचा वाहक निघाला.

“म्हंजे काय?” बाबूसिंगांचा आवाज उतरला.

“त्याले तरास नाही. पण दोघंबी वाहक असले तं लेकराले सिकल होऊ शकते. लग्नाच्या वक्ती पोरीचं रक्त तपासून घेजा, बस.”

त्यांनी मान हलवली आणि नातवाला उचलून घेतलं.

मंडळ्या अजूनही दोन आहेत. रंजिता सेवादासांकडे जाते, रुपीबाई बाबूसिंगांकडे. बबलू दोन्हीकडे जात नाही, रविवारी घरीच झोपतो.